सगळ्या वाटा भाऊजींच्या गच्चीकडे

एक पाय शिडीच्या शेवटच्या पायरीवर आणि दुसरा पत्र्याच्या कडेवर टेकवून जाळीबाई डब्याचं झाकण उघडत होती, आणि खालून चार तोंडं एकदम बोलत होती.

"काल संध्याकाळीपण बंद होतं!"

"माझ्या मुलीचा तास बुडाला."

"बाई, निदान कधी सुरू होईल ते तरी सांगा."

"पाणी गेलं असणार आत. मी आधीच म्हटलं होतं."

पाणीबिणी काही गेलं नव्हतं. डबा आतून कोरडा ठणठणीत होता. हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि लॅपटॉपवर सगळं जसं दिसायला हवं तसंच दिसत होतं. तिचं डोकं फिरत होतं ते त्यामुळेच. दिवसभर वस्तीतलं नेट सुरळीत चालायचं आणि दिवेलागणीला बहुतेक घरांतून मान टाकायचं. सुट्टी बघून ती तपासायला वर चढली, की डॉक्टरसमोर बसल्यावर दुखणं थांबावं तसं सगळं टुणटुणीत.

"काय निघालं?" खाली शिडी धरून उभ्या असलेल्या रंगाऱ्याने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे चांगलं का वाईट?"

"मामा, तुम्ही शिडी धरा."

शिडी रंगाऱ्याची होती, आणि घरं रंगवण्याचं काम नसेल तेव्हा तो ती खांद्यावर टाकून जाळीबाईबरोबर फिरायचा. वस्तीत तिच्यावर न ओरडणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

जाळीबाई हे नाव लोकांनीच पाडलेलं. वस्ती टेकडीच्या दोन उतारांवर पसरलेली. खडक फोडत वर यायला कंपनीला परवडेना, म्हणून तिने इंटरनेटची केबल पायथ्याशीच थांबवली. एका बाजूच्या पायथ्याला शाळा, दुसऱ्या बाजूच्या पायथ्याला बेकरी. केबल पोचली ती या दोनच ठिकाणी. मधल्या घरांत फोनवर बोलता यायचं, पण नेटसाठी सगळ्यांनी फोन हातात धरून गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि सिग्नलचा एखादा दांडा दिसतो का ते बघायचं. जाळीबाई लग्न होऊन इथे आली तेव्हा तिने पहिले काही महिने हे पाहिलं, आणि मग तिला राहवेना. तिने शाळेच्या मुख्याध्यापिकेला पटवलं, बेकरीवाल्याला पटवलं, आणि घराघरावर एकेक डबा बसवत गेली. लहरींवरून बोलणारा तळहाताएवढा रेडिओ, त्याला एरियलची एक काठी, वर प्लास्टिकचं झाकण. हा डबा शेजारच्या गच्चीवरच्या डब्याशी बोलायचा, तो त्याच्या शेजारच्याशी. "माझ्यापासून शाळा दोन टप्प्यांवर आहे." "माझ्यापासून बेकरी एका टप्प्यावर आहे." ज्याची वाट जवळची, त्याच्या हाती निरोप द्यायचा. एखादा डबा बंद पडला तर बाकीच्यांनी आपापसात विचारपूस करून दुसरी वाट काढायची. शाळेची लाइन गेली तर बेकरीकडून, बेकरीची गेली तर शाळेकडून. अशी ही जाळी. मालक कोणी नाही आणि मुख्यही कोणी नाही, प्रत्येकाने शेजाऱ्याचं ओझं थोडं थोडं वाहायचं.

ही कल्पना तिच्या डोक्यात आजची नव्हती. आधी ती शहरातल्या टेलिफोन कंपनीच्या नियंत्रण कक्षात होती. एकदा खोदकामाच्या यंत्राने एक जाड केबल तोडली आणि अर्धं शहर मुकं झालं. शेजारच्या भागातून वळसा घालून वाट देता येत होती, तिला समोर पडद्यावर ती दिसत होती. पण साहेब म्हणाले, वरून सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. वरचे अधिकारी त्या दिवशी फोनवर सापडत नव्हते, कारण त्यांचाही फोन त्याच केबलवर होता. ती नोकरी तिने सोडली. आता ती एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात संगणक आणि तारा सांभाळायची.

त्याच्याही आधीचं सांगायचं, तर तिचे आईवडील एका घरात राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तीन बहिणींत ही मधली, आणि दोघांचे निरोप हिच्यामार्फत. "बाबांना सांग, डॉक्टरांनी उद्या बोलावलंय." "आईला सांग, मला माहीत आहे." एकदा ती मावशीकडे राहायला गेली, तर आई कुलूप लावून बाहेर गेली, वडील किल्ली न घेता बाहेर गेलेले, आणि ते संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. परत आल्यावर दोघांनीही तिलाच दोष दिला. कोणत्याही घरात, कोणत्याही गावात सगळं एकाच्या डोक्यावर असू नये, हे तिला तेव्हापासून मनापासून वाटत आलं होतं.

आणि आता तिच्या मोबाइलवर रोज सकाळपासून फोनांची रीघ लागायची. "तुझ्या जाळ्यात मुख्य कोणी नाही म्हणतेस," नवरा हसून म्हणायचा, "मग सगळे तुलाच का फोन करतात?"

तो गंमत म्हणून बोलायचा. पण ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

लोकही एकेक नमुनेदार. एक काकू बाहेर पडताना डबा बंद करून जायच्या. आम्ही घरी नसताना आमची वीज दुसऱ्यांसाठी का जाळायची, असं त्यांचं म्हणणं. रात्री उशाशी लावतात त्या दिव्याहून कमी वीज लागते, हे जाळीबाईने त्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी तिलाच ते खोटं वाटू लागलं. एकाने डब्याच्या काठीला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. एक जण पाहुणे आले की डबा शोभत नाही म्हणून त्यावर पिशवी चढवायचा. नेट सगळ्यांना हवं होतं, पण दुसऱ्याचं नेट आपल्या घरावरून जातं हे कोणालाच रुचत नव्हतं.

त्यात ही संध्याकाळची कटकट. ती वाढत गेली तशी लोकांनी शाळेच्या दालनात बैठक बोलावली.

बैठकीत पुढाकार घेतला तो जाळीबाईच्या थोरल्या दिरांनी. त्यांचं फरशांचं मोठं दुकान होतं, टेकडीच्या अगदी माथ्यावर तीन मजली घर होतं, आणि खुर्चीत बसण्याची पद्धत अशी होती की बाकीचे आपोआप उभे राहायचे. त्यांच्या गच्चीवरून दोन्ही उतार दिसत, म्हणून जाळीबाईने त्यांच्याकडेही डबा बसवला होता. दोन भावांत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून बिनसल्यापासून तिचं त्या घरी जाणं जवळपास बंदच होतं.

"मला एकच विचारायचंय," दीर म्हणाले. "याला जबाबदार कोण?"

"भाऊजी, तसं कोणी एक नाही. सगळ्यांनी मिळून चालवायची गोष्ट आहे."

"सगळे म्हणजे कोणीच नाही." लोक हसले. "माझ्याकडे बघा. मी मागच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं. माणूस आला, गच्चीवर तबकडी लावली, खाली पेटी ठेवली, गेला. एकदाही बंद नाही. बिघडलं तर एक नंबर लावायचा, एक माणूस येतो. यांच्याकडे कोणाला धरायचं?"

"हिलाच धरायचं," मागून कोणीतरी म्हणालं.

जाळीबाईचे कान तापले. समजावून सांगायला ती उठली, पण टप्पे, शेजार, वाटा हे शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत लोक चपला शोधू लागले होते. घरी येऊन तिने भांडी इतकी आपटली की नवरा न सांगता पुसायला उभा राहिला.

भांडी आपटता आपटताच तिला दिरांचं एक वाक्य आठवलं. मागच्या महिन्यात. संध्याकाळचं दुखणंही मागच्या महिन्यातच सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून ती थेट घरी गेलीच नाही. पायथ्याच्या पहिल्या गल्लीत उभी राहून तिने लॅपटॉप उघडला आणि भोवतालचे डबे एकमेकांना काय सांगताहेत ते वाचत बसली. अजून उजेड होता, सगळं ठीक होतं. शाळेजवळची घरं शाळेकडे, बेकरीजवळची बेकरीकडे. मग दिवे लागू लागले, आणि तिच्या डोळ्यांदेखत वाटा वळल्या. शाळेला लागून असलेलं घर सोडलं तर उतारावरचं एकेक घर माथ्याकडे तोंड करू लागलं. माथ्यावरचा डबा सगळ्यांना सांगत होता, "बाहेरचं जग माझ्यापाशीच आहे. शून्य टप्पे." शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांचे निरोप त्या एका गच्चीकडे धावत सुटले. तिथे गेलेलं परत मात्र काहीच येत नव्हतं.

लॅपटॉप काखेत मारून ती तशीच टेकडी चढून गेली. दार सासूबाईंनी उघडलं. त्या थोरल्या मुलाकडे राहायच्या.

"अगंबाई, तू? ये ये. आज वाट चुकलीस का?"

"आई, भाऊजींची नवी पेटी कुठे आहे?"

"ती? ती काय त्या कपाटावर. तो दुकानातून आला की लावतो आणि सकाळी जाताना काढतो. दिवसा मी एकटीच असते ना. म्हणतो, तुला काय करायचंय नेट."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. जाळीबाईला त्यातही राग आला, पण आत्ता एकेक राग बाजूला ठेवणं भाग होतं. कपाटावर कंपनीची पेटी होती आणि तिच्या पाठीत, गच्चीवरच्या डब्यातून खाली आलेली तिचीच वायर खुपसलेली होती. तबकडी लावायला आलेल्या माणसाने मोकळी वायर पाहिली आणि समोरच्या भोकात घातली, बस. वायरीतून नेट येतंय म्हटल्यावर डब्याने स्वतःला वस्तीचं दार समजून दवंडी पिटायला सुरुवात केली. आणि कंपनीची पेटी दिरांच्या घरातल्या फोनांशिवाय कोणालाही बाहेर सोडत नव्हती.

दीर आतल्या खोलीतून बाहेर आले. "काय चाललंय?"

"भाऊजी, ही वायर काढावी लागेल."

"का? मी तुझ्या डब्याला हातही लावलेला नाही."

"डब्याला नाही, पण ही वायर..."

"माझ्या घरात, माझ्या पेटीला, कंपनीच्या माणसाने लावलेली वायर. माझं उत्तम चालतंय."

"तुमचं चालतंय हो! पण सगळ्या वस्तीचे निरोप तुमच्याकडे येऊन मरताहेत."

"लोकांना माझ्याकडे यायला कोणी सांगितलं?"

"तुमच्या डब्याने."

दीर शांतपणे म्हणाले, "डबा तुझा."

सासूबाई चहा टाकते म्हणाल्या, तर नको म्हणून ती बाहेर पडली. निम्मा उतार उतरली आणि एका दगडावर बसून चक्क रडली. दुःखाचं रडू नव्हतं ते, संतापाचं होतं. दिरांवर संताप होताच, पण त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं आणि तेच तिला जास्त झोंबत होतं. वायरीत नेट दिसलं की स्वतःला दार म्हणवून घ्यायचं, हे डब्याला तिनेच शिकवलं होतं. बेकरीवाल्याला काही दाबायला लागू नये म्हणून केलेली सोय. बाहेर जाता येतं का, ते तपासायला मात्र तिने शिकवलं नव्हतं. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने डोळे मिटून मानायचं, एवढ्यावर सगळं उभं होतं.

घरी कळल्यावर नवरा शर्टाच्या बाह्या वर करू लागला. "मी आत्ता जाऊन ती वायर उपटून येतो. दादा काय करतो ते बघतोच."

"बस खाली. आज ही उपटशील, उद्या दुसऱ्या घरात दुसरा कोणीतरी असाच खुपसेल. मी काय जन्मभर लोकांच्या वायरी उपटत फिरू?"

मग सुरू झाले ते दिवस. रुग्णालयातून यायचं, दोन घास खायचे आणि लॅपटॉप घेऊन बसायचं. डब्याने स्वतःला दार म्हणवण्याआधी बाहेर एक निरोप धाडून उत्तर येतंय का ते पाहावं, हे सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं. शेजाऱ्यांनी दार म्हणवणाऱ्याच्या नुसत्या बोलण्यावर जायचं नाही, त्याच्या हाती दिलेल्या निरोपांची उत्तरं येतात का याकडे लक्ष ठेवायचं, आणि येत नसतील तर तो कितीही जवळचा म्हणवत असला तरी त्याला दूर धरायचं. पहिल्या प्रयत्नात हे सगळं इतकं कडक झालं की डब्यांचा एकमेकांवरचा विश्वासच उडाला. एखादं उत्तर यायला जरा उशीर झाला की शेजारी खोटारडा. ऐन सकाळी, लोक कामाला निघायच्या वेळी, संपूर्ण वस्ती ठार बंद पडली. त्या सकाळी फोनवर तिने जे जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"सोडून दे ना," नवरा म्हणाला. "आपणही ती तबकडी घेऊ."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या खेपेला जमलं. पण काही डबे इतके जुने होते की नवी शिकवण हवेतून घेईनात, प्रत्येकाला वायर लावून बसावं लागणार होतं. म्हणजे पुन्हा रंगारी, पुन्हा शिडी, पुन्हा खालून चार तोंडं. काकूंचा डबा बंद होता आणि काकू बाहेर होत्या. दोरीवाल्याच्या काठीवरून आधी ओल्या चादरी काढाव्या लागल्या. दिरांकडे मात्र ती गेली नाही. त्यांचा डबा तसाच, जुन्या शिकवणीचा, बढाया मारत राहिला. संध्याकाळ झाली, दीर दुकानातून आले, पेटी लागली. गल्लीत उभं राहून तिने पाहिलं. माथ्यावरून दवंडी आली, "शून्य टप्पे." शेजारच्या डब्यांनी ऐकून घेतलं, एकदोनदा आजमावून पाहिलं आणि आपले निरोप शाळेकडे नि बेकरीकडे वळवले. एकही घर बंद पडलं नाही. दिरांची गच्ची दोन उतारांमधले निरोप मुकाट इकडचे तिकडे करत राहिली, आणि त्यांना याचा पत्ताही नव्हता.

रंगाऱ्याने तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. "झालं?"

"झालं बहुतेक."

"मग हसा की जरा."

ती हसली नाही, कारण तिला लोक माहीत होते. आणि तसंच झालं. आठवडाभर संध्याकाळी नेट न अडखळता चालल्यावर दुकानात, नळावर, शाळेच्या फाटकात एकच बोलणं. फरशीवाल्यांनी गच्चीवर ती तबकडी लावली ना, तेव्हापासून सगळ्या वस्तीचं सुधारलं. पुढच्या बैठकीत कोणीतरी दिरांचे आभार मानले. दिरांनी हात जरासा वर केला, आपण केलं त्यात काय विशेष, अशा थाटात.

जाळीबाई उठली. नवऱ्याने तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

"भाऊजींच्या पेटीमुळे महिनाभर तुमचं नेट बंद होतं," ती म्हणाली. "चूक माझ्या डब्याचीही होती, ती मी सुधारली. पटलं तर पटलं, नाही तर राहू दे. पण आजपासून मला फोन करायचा नाही. डबे तुमच्या घरांवर आहेत. ज्याला शिकायचंय त्याने सुट्टीच्या दिवशी इथे यावं, मी शिकवीन. परवलीचा शब्दही देईन."

दीर छताकडे बघत होते. मग काकूंनी विचारलं, "म्हणजे बंद पडलं तर कोणाला सांगायचं?"

जाळीबाई खाली बसली.

शिकायला दोघंच आले. एक रंगारी, आणि दुसऱ्या सासूबाई. सासूबाईंना टप्पे-वाटांत रस नव्हता. त्यांना दिवसा आपली आपण पेटी लावायची होती, दूरदेशी असलेल्या लेकीशी बोलायला, आणि थोरल्याला ते कळू द्यायचं नव्हतं. जाळीबाईने त्यांना पेटीऐवजी डब्यावरूनच बोलायला शिकवलं. त्या दोन वेळा विसरल्या, तिसऱ्यांदा जमलं.

रंगारी मात्र खरंच शिकला. त्याला इंग्रजी अक्षरं जुळवायला वेळ लागायचा आणि तो प्रत्येक गोष्टीवर शंका काढायचा. असं का, तसं का नाही, मधेच दुसरा रंग का नाही. दोनतीनदा तिचा त्याच्यावर आवाज चढला. तोही एकदा शिडी उचलून निघून गेला आणि पुढच्या सुट्टीला काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत आला.

काही आठवड्यांनी कामावर असताना तिला त्याचा फोन आला.

"बाई, बेकरीच्या बाजूचा एक डबा गेला होता. मी नवा बसवला."

"कुठे? थांबा, मी संध्याकाळी येते, तोवर हात..."

"चालू झालाय. सांगायला फोन केला फक्त."

संध्याकाळी ती बघायला गेलीच. डबा भलत्याच भिंतीवर होता, काठी तिने कधी लावली नसती अशा कोनात, आणि लॅपटॉपवर त्याने डब्याला दिलेलं नाव होतं "पिवळं घर मागची बाजू". वाटा मात्र चोख होत्या. उलट, तिने मांडलेल्या वाटेपेक्षा बेकरी एका टप्प्याने जवळ आली होती. काठी सरळ करायला ती पुढे झाली, थांबली, पुन्हा पुढे झाली, आणि शेवटी हात पाठीमागे बांधून घरी आली.

जेवताना ती नुसता भात चिवडत होती. नवऱ्याने दोनदा पाहिलं, मग विचारलं, "काय झालं? बंद आहे का?"

"नाही. चालू आहे."

"मग तोंड का असं?"

"चालू आहे म्हणूनच," ती म्हणाली आणि पाण्याचा ग्लास जरा जोरातच खाली ठेवला.